बादलीभर पाण्यात मूल काय शिकतं?

जून महिन्यातली पालकसभा होती. एक आई तावातावाने उठल्या. "बाई, आम्ही फी भरतो. मुलगी रोज भिजून घरी येते. पाण्यात खेळायला घरी मोरी आहे की!" आजूबाजूच्या चार-पाच जणांनी माना डोलावल्या. मी तेव्हा बालवाडीत नवी होते. "खेळातून शिक्षण होतं," एवढंच मला सांगता आलं. प्रश्न रास्त होता आणि उत्तर अपुरं. त्यानंतर बरीच वर्षं लहान मुलांना पाण्याशी खेळताना जवळ बसून पाहिलं. त्या आईंना तेव्हा जे सांगायला हवं होतं, ते आता लिहिते आहे.

लिहायला निमित्तही आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं. त्यात ३ ते ८ वर्षं हा वयोगट 'पायाभूत स्तर' म्हणून एकत्र धरला आहे, म्हणजे अंगणवाडी-बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून एकच सलग टप्पा. ऑक्टोबर २०२२ मध्ये या स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा जाहीर झाला आणि त्यात मोठा भर खेळावर आहे. महाराष्ट्रात २०२५-२६ पासून पहिलीच्या वर्गात हे धोरण उतरायला लागलं. त्यामुळे 'खेळातून शिक्षण' हे शब्द पालकांच्या कानावर सारखे पडतात. पण खेळताना मुलाच्या हातात, डोक्यात नेमकं काय घडतं, हे फारसं कुणी उलगडून सांगत नाही. ते समजून घ्यायला पाण्याच्या खेळाइतकं सोपं आणि स्वस्त उदाहरण दुसरं नाही.

पोहणं वेगळं, हा खेळ वेगळा

वॉटर पार्क किंवा पोहण्याचा तलाव इथे अभिप्रेत नाही. अंगणात किंवा गच्चीवर एक परात नाहीतर पसरट टब, त्यात वीतभराहून कमी पाणी, दोन-तीन फुलपात्रं, एक गाळणी, एक नरसाळं, स्पंजाचा तुकडा आणि हाताच्या अंतरावर बसलेलं एक मोठं माणूस. वय साधारण दीड ते सहा. काय करायचं ते मुलाने ठरवायचं. बस, इतकंच.

यात शिकणं कुठून आलं? जरा मुलाच्या जागी बसून पाहा. किल्लीची गाडी दर वेळी तेच एक काम करते. मोबाइलवर बोट फिरवलं की चित्रं हलतात, पण का हलली ते कळायला मार्ग नसतो. मोठी माणसं उत्तरं देतात, पण सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं. पाणी मात्र लगेच उत्तर देतं आणि दर वेळी तेच देतं. फुलपात्र थोडं कललं की बारीक धार, जास्त कललं की भसकन सगळं खाली. भोकाच्या डब्यात पाणी राहत नाही, मग कितीही हट्ट करा. रडून किंवा लाडात येऊन पाण्याचं उत्तर बदलत नाही. म्हणून मूल पुन्हा करून बघतं, थोडा फरक करून बघतं, आणि हळूहळू कशामुळे काय होतं याचा ठोकताळा त्याच्या मनात बसतो. पुढे जे जे सांगणार आहे ते सगळं इथूनच निघतं: मूल विचारतं आणि पाणी उत्तर देतं.

मनगटाचं बांधकाम अजून चालू आहे

आपल्या मनगटात ८ छोटी हाडं असतात. जन्मलेल्या बाळाच्या मनगटात सहसा त्यातलं एकही हाड तयार नसतं. तिथे कूर्चा असते, म्हणजे आपल्या कानाच्या वरच्या भागात असतो तसा मऊ, लवचीक भाग. या कूर्चेची हाडं एकेक करून बनतात. पहिली दोन जन्मानंतरच्या काही महिन्यांत, आणि मग साधारण वर्षाला एखादं. शेवटचं हाड व्हायला ९ ते १२ वर्षांचं वय उजाडतं. मुलाच्या हाडांचं वय काढायला डॉक्टर हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढतात, तो याच कारणाने.

अशा मनगटाला आपण साडेतीनाव्या वर्षी पाटीवर 'अ' गिरवायला बसवतो. मूल पेन्सिल मुठीत धरतं, दाबून लिहितं, हात दुखतो म्हणतं आणि आपण त्याला आळशी म्हणतो. तेच मूल टबापाशी तासभर हात चालवतं. स्पंज पिळतं, फडकं पिळतं, बाटलीचं झाकण फिरवतं, तांब्या तिरका करून नरसाळ्याच्या तोंडात धार धरतं. पिळताना तळहाताला ताकद येते. औषधाचा ड्रॉपर दाबून एकेक थेंब सोडताना अंगठा आणि शेजारची दोन बोटं यांची चिमूट तयार होते. पुढे पेन्सिल धरायची ती याच चिमटीत. अंगणवाडीच्या प्रशिक्षणात याला 'सूक्ष्म स्नायू विकास' म्हणतात. नाव जड आहे, काम ओलं फडकं पिळण्याचं आहे.

मारिया माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या आणि त्यांच्या पद्धतीची मुळं इथे घट्ट रुजली. त्या पद्धतीत लहान चंबूतून दुसऱ्या चंबूत ओतणं हा रीतसर धडा आहे. आधी धान्य, मग पाणी. भांडी खरी, फुटणारी. भांडं फुटू शकतं हे माहीत असल्यामुळे मुलाचा हात आपोआप सावध होतो. मला हा विश्वास फार आवडतो.

हातासोबत अख्खं अंगही शिकत असतं. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो वजन. चार वर्षांचं मूल साधारण १५-१६ किलोचं. ५ लिटरची बादली काठोकाठ भरली तर ते स्वतःच्या वजनाचा तिसरा हिस्सा उचलायला निघालेलं असतं. पहिल्यांदा बादली हलतच नाही. दुसऱ्यांदा अर्धं ओतून देतं. तिसऱ्यांदा मित्राला हाक मारतं, "तू तिकडून धर." त्या तीन मिनिटांत त्याने वजनाचा अंदाज घेतला, बेत बदलला आणि मदतही मागितली.

उंच पेल्यात दूध 'जास्त' का दिसतं

ज्यांच्या घरी दोन लहान मुलं आहेत त्यांना हे भांडण पाठ असेल. एकाला उंच पेल्यात दूध दिलं, दुसऱ्याला पसरट कपात. दूध मोजून सारखं. तरी कपवाल्याचं रडणं: "त्याला जास्त दिलं!" आई कपातलं दूध पेल्यात ओतून दाखवते, "बघ, सारखंच आहे." मुलाला पटत नाही.

हा मुलाचा हट्ट वाटतो, पण स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी नेमकी हीच गोष्ट अभ्यासली. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घ्यायचं, ते सारखं असल्याचं मुलाकडून कबूल करून घ्यायचं आणि त्याच्यासमोर एका पेल्यातलं पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतायचं. चार-पाच वर्षांची बहुतेक मुलं म्हणतात, उंच पेल्यात जास्त आहे. सात-आठ वर्षांची मुलं हसतात आणि म्हणतात, "तेवढंच की, फक्त ओतलंय." प्रश्न कसा विचारला यावर लहान मुलांची उत्तरं बदलतात, हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं. त्यामुळे अमुक वाढदिवसाला ही समज येते असं धरून चालू नये. मूळ मुद्दा तरी टिकून आहे: लहान मूल एका वेळी एकाच मापाकडे बघतं. उंची दिसली की रुंदी सुटते.

ही समज सांगून येत नाही. दहा वेळा सांगा, मूल मान डोलावेल आणि पुढच्या दुधाला पुन्हा रडेल. पण तेच मूल महिनोन्‌महिने उंच बाटलीतून पसरट परातीत आणि परातीतून पुन्हा बाटलीत पाणी ओततं, तेव्हा परातीच्या तळाशी जेमतेम दिसणाऱ्या पाण्याने बाटली गळ्यापर्यंत भरते हे त्याचे डोळे पुन्हा पुन्हा पाहतात. कधीतरी ते थांबतं आणि बाटलीकडे, मग परातीकडे बघतं. पुढे शाळेत लिटर-मिलिलिटरचं गणित येतं, ते या थांबण्यावर उभं राहतं. 'दोन वाट्या म्हणजे एक फुलपात्र' हे ज्याच्या हाताला माहीत आहे, त्याला अपूर्णांक अगदीच परका वाटत नाही.

नारळ तरंगतो, नाणं बुडतं

"जड गोष्टी बुडतात, हलक्या तरंगतात." मोठ्यांना विचारलं तरी बरेचदा हेच उत्तर येतं. मग परातीत एक रुपयाचं नाणं टाका आणि मोठ्या टबात नारळ. नाणं तळाला जातं आणि त्याच्या कितीतरी पट जड नारळ डुलत राहतो. नारळी पौर्णिमेला समुद्रात सोडलेले नारळ लाटांवर हलताना आपण सगळ्यांनी पाहिलेत, पण त्यांच्याकडे या प्रश्नाच्या नजरेने क्वचितच पाहिलंय. स्वयंपाकघरात अशा गोष्टी भरपूर सापडतात. वांगं तरंगतं, बटाटा बुडतो. सालासकट संत्रं तरंगतं, सोललेलं बहुधा बुडतं. हे पाहिल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात, कारण साल काढली म्हणजे ओझं कमी झालं, तरी ते खाली गेलं.

कारण असं. पाण्यात शिरणाऱ्या प्रत्येक वस्तूला पाणी खालून वर ढकलतं. याला 'प्लावक बल' म्हणतात. भरलेल्या एसटीत आपण शिरतो तेव्हा आतली माणसं आपल्याला बाहेर रेटतात, तसं. जितकी जास्त जागा घ्याल तितका रेटा जास्त. वस्तूने जेवढं पाणी बाजूला सारलं, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका हा रेटा असतो. स्टीलची वाटी सरळ ठेवली की भरपूर पाणी बाजूला सारते, म्हणून तरंगते. आडवी करून दाबली की पाणी आत शिरतं, तिची जागा घेतं आणि वाटी बुडते. संत्र्याच्या सालीत हवा अडकलेली असते. ती साल म्हणजे संत्र्याने घातलेलं पोहण्याचं जाकीट. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकताना मुलांच्या पाठीला सुकवलेला भोपळा बांधायचे, त्यामागेही हेच होतं.

चार वर्षांच्या मुलाला यातलं काही समजावून सांगायचं नाही. त्याने फक्त टाकण्याआधी अंदाज करावा आणि अंदाज चुकल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. चूक झाली आणि कुणी ओरडलं नाही, उलट मजा आली, हा अनुभव आपल्या मुलांना एरवी फार थोड्या ठिकाणी मिळतो.

झिरपतं, पाझरतं, निथळतं

या विषयात मला सगळ्यात प्रिय असलेला भाग भाषेचा आहे, म्हणून इथे थोडी रेंगाळते.

पाण्यासाठी मराठीत क्रियापदांचा खजिना आहे. फडक्यातून पाणी झिरपतं. फुटक्या बादलीतून गळतं. माठातून पाझरतं. न्हालेल्या केसांतून निथळतं. काठावरून ओसंडतं. नळीत पान अडकलं की तुंबतं. मातीत मुरतं आणि उन्हात आटतं. आपण भांडं विसळतो, फडकं बुचकळतो, सडा शिंपतो. शिवाय आवाज आहेत. पागोळ्यांची टपटप, रिपरिप, धो-धो, ओढ्याची खळखळ, खडा पडल्यावरचं डुबुक.

हे शब्द तक्त्यावरून शिकवता येतात का, मी प्रयत्न केला आहे. 'झिरपणे' आणि 'पाझरणे' यांतला फरक फळ्यावर समजावताना माझीच भाषा तोकडी पडली. मग दुसऱ्या दिवशी जुनं धोतर चार पदरी करून एका डब्यावर ताणून बांधलं आणि त्यावर पाणी ओतलं. मुलं खाली वाकून बघत होती. पहिला थेंब आला तेव्हा मी फक्त म्हटलं, "झिरपलं बघ." आठवड्याभरात एक मुलगा पावसात भिंतीवर ओल आलेली दाखवून सांगत होता, "बाई, भिंत झिरपली." वाक्य थोडं चुकलं, शब्द मात्र त्याचा झाला होता. वस्तू हातात, क्रिया डोळ्यांसमोर आणि शब्द कानात, असं एकाच क्षणी जुळून आलं की शब्द चिकटतो.

भांड्यांची नावंही अशीच येतात. तांब्या, फुलपात्र, कळशी, पळी, झारी. इंग्रजी माध्यमात जाणाऱ्या शहरी मुलांना, किंवा लंडन, न्यू जर्सीत वाढणाऱ्या मराठी मुलांना मराठी कशी द्यायची हा प्रश्न आजी-आजोबांना छळतो. त्यांना मी एकच उपाय सुचवते: नातवासोबत पंधरा मिनिटं पाण्याच्या टबापाशी बसा आणि हाताला जे लागेल त्याचं नाव सहज घेत राहा.

मग मोरीत का नको? बाहेरच का?

मोरीत चालतंच. ज्यांच्याकडे दुसरी जागा नाही त्यांनी मोरीत खेळू द्यावं. पण बाहेर काही गोष्टी अशा मिळतात, ज्या मोरीत मिळत नाहीत.

पहिली म्हणजे सांडण्याची मुभा. घरात पाणी सांडलं की कुणीतरी "अरे अरे!" करतं आणि मुलाचं लक्ष पाण्यावरून त्या आवाजाकडे जातं. अंगणात सांडलेलं पाणीच खेळाचा पुढचा भाग होतं. ते उताराकडे धावतं, दगडाला वळसा घालतं, भुसभुशीत मातीत मुरतं, फरशीवर तसंच राहतं. मूल काडीने चर खणतं, पाणी वळवतं, मातीचा बांध घालतं, बांध फुटतो. कोकणात, गोव्यात पोफळीचा सोट उभा चिरून त्याची पन्हळ करतात आणि बागेत पाणी खेळवतात. दोन तुकडे मुलांच्या हातात दिले तर अर्ध्या तासात त्यांना उतार म्हणजे काय ते कळतं.

दुसरी गोष्ट ऊन. रंगाचा जुना ब्रश आणि तांब्याभर साधं पाणी द्या. मूल तापलेल्या फरशीवर चित्र काढतं आणि त्याच्या डोळ्यांसमोर चित्र पुसलं जातं. कुणी पुसलं? सावलीतलं चित्र अजून कसं आहे? पाण्याची वाफ होऊन ते हवेत जातं, याला पाठ्यपुस्तक 'बाष्पीभवन' म्हणतं. तो शब्द काही वर्षांनी येईल. तोवर 'उन्हाने माझा हत्ती नेला' हे ज्ञान पुरेसं आहे.

लहान मुलांची शाळा उघड्यावर असावी, हा विचार नवा नाही. मार्गारेट मॅकमिलन यांनी १९१४ मध्ये लंडनच्या डेप्टफर्ड या गरीब वस्तीत उघड्या हवेतली बालशाळा काढली. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि अनुताई वाघ यांनी ते पुढे आयुष्यभर चालवलं. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, यातून 'अंगणवाडी' जन्मली. महागड्या साधनांच्या जागी खडे, बिया, पानं आणि माती आली. आज देशभर जो शब्द सरकारी योजनेत वापरला जातो, त्याच्या पोटात अंगण आहे. चार भिंतींत कोंडून बसलेल्या अंगणवाड्या पाहिल्या की मला वाईट वाटतं.

आणि भिजण्याचं आपल्याला वावडं कधी होतं? रंगपंचमी आहे, दहीहंडीला गच्चीवरून ओतलेल्या बादल्या आहेत. गोव्यात माशेलला आषाढात चिखलकाला होतो, तेव्हा देवकीकृष्णाच्या देवळासमोर लहानथोर चिखलात लोळतात. मोठ्यांना वर्षातून एकदा मिळणारी मोकळीक लहानांना आठवड्यातून दोनदा मिळायला हरकत नसावी.

एक गोष्ट मोठी वाटते म्हणून लिहिते. याच महाराष्ट्रात २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. त्या भूमीत वस्तीतल्या सगळ्या घरांतली मुलं एकाच टबात हात घालून, एकमेकांच्या फुलपात्रात पाणी ओतत बसतात, तेव्हा मुलांच्या ते लक्षातही येत नाही. मी मात्र दर वेळी बघत राहते.

"सर्दी होईल त्याचं काय?"

सर्दी विषाणूंमुळे होते, भिजल्यामुळे नाही. एकमेकांच्या शिंकांतून, हातांतून ती पसरते. त्यामुळे नाक वाहणाऱ्या मुलाला त्या दिवशी टबात हात घालू न देणं हे खरं शहाणपण.

आजीची भीती तरी अगदीच निराधार नाही. पाणी हवेच्या साधारण २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं आणि लहान शरीर मोठ्यापेक्षा लवकर गार पडतं. मूल कुडकुडायला लागलं, ओठ निळसर दिसले की खेळ थांबवायचा, अंग पुसायचं, कोरडे कपडे घालायचे. दप्तरात एक जादा जोड आणि पंचा ठेवला की निम्मी भांडणं मिटतात. दमा किंवा कानाचा त्रास असलेल्या मुलाबद्दल डॉक्टरांना आधी विचारावं.

"आमच्याकडे टँकरने पाणी येतं"

हा आक्षेप मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. ज्या घरात कळशी-कळशीचा हिशेब आहे तिथे पाण्याने खेळा असं मी सांगणार नाही. पिण्याचं पाणी आधी. चणचणीच्या महिन्यांत परातीत ज्वारी, बाजरी किंवा वाळू द्या. ओतणं, मोजणं, नरसाळ्यातून सोडणं हे सगळं त्यातही होतं. खरं तर अशा घरांतली मुलं पाणी भरायला मदत करता करता पाण्याबद्दल पुष्कळ शिकलेली असतात. फक्त शाळेत त्या शिकण्याला किंमत मिळत नाही.

बाकी ठिकाणी आकडे बघा. जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी हे मान ठरवलं आहे. पाच-सहा मुलांच्या टबाला ८-१० लिटर पुरतात, म्हणजे माणशी जेमतेम दोन लिटर. तेही खेळ झाल्यावर झाडांना जातं. झाडांना घालायचं काम मुलांकडेच द्यावं, कारण आपण खेळलेलं पाणी कुठे गेलं हे ज्याने पाहिलं, त्याला पाणी जपायला वेगळं सांगावं लागत नाही.

डास, घाण आणि बुडण्याची भीती

डेंग्यू पसरवणारा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. टब रोज रिकामा करून पालथा घातला की हा प्रश्न उरत नाही. पावसात अंगणात भिजणं वेगळं आणि तुंबलेल्या रस्त्यावरच्या पाण्यात उड्या मारणं वेगळं. त्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असू शकतं आणि पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा गंभीर आजार होऊ शकतो. तिथे ठाम नकार द्यायचा.

बुडण्याबद्दल मात्र मला अतिशय गंभीरपणे सांगायचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली आणि त्यांतली जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालची मुलं होती. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं. ते बादलीत वाकून तोल गेला तर स्वतःला वर काढू शकत नाही. त्यासाठी चार-पाच सेंटिमीटर पाणीही पुरतं. सिनेमात दाखवतात तसा आरडाओरडा होत नाही, मूल गुपचूप बुडतं. म्हणून पसरट भांडं, कमी पाणी आणि हाताच्या अंतरावर एक मोठं माणूस, ज्याच्या हातात मोबाइल नाही. दाराची बेल वाजली तर मुलाला सोबत उचलून न्यायचं. खेळ संपला की पाणी लगेच ओतून टाकायचं. गावाकडे विहिरीला कठडा आणि शेततळ्याला कुंपण हवंच. शेततळ्याच्या प्लास्टिकवर मोठ्या माणसाचाही पाय ठरत नाही.

"आणि अक्षरं कधी शिकणार?"

पाण्यात खेळलेलं मूल गणितात पहिलं येतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. असा दावा मी करणार नाही. अक्षरं शिकायची आहेतच, आणि ती शिकायला लागणारा हात, शब्दसाठा, एका कामात टिकणारं लक्ष आणि चुकलं तर पुन्हा करून बघायची हिंमत, हे सगळं टबापाशी तयार होतं. 'माझ्या मुलाचं पाच मिनिटंही कशात लक्ष लागत नाही' म्हणणाऱ्या एका वडिलांना मी खिडकीतून त्यांचा मुलगा दाखवला होता. तो चाळीस मिनिटं एका बाटलीपाशी होता. वडील काही बोलले नाहीत, पण पुढच्या आठवड्यात घरून दोन जुनी नरसाळी घेऊन आले.

मोठ्यांनी नेमकं काय करायचं

बहुतेक वेळा गप्प बसायचं, आणि हे फार अवघड आहे. आपल्या तोंडून सारखे परीक्षेचे प्रश्न येतात: किती वाट्या झाल्या? हा रंग कोणता? मूल उत्तर देतं आणि स्वतःचा प्रश्न विसरतं. त्यापेक्षा दिसतं ते बोला: "काठापर्यंत आलं हं." "तुझी धार अगदी बारीक पडतेय." कधीमधी एखादा प्रश्न, तोही ज्याचं उत्तर पाणीच देईल असा: "आता हे उलटं धरलं तर?" आणि मग थांबा. मुलाचा अंदाज चुकणार हे दिसत असलं तरी थांबा.

सामान एकदम मांडू नका. पहिल्या दिवशी दोन भांडी, आठवड्याने नरसाळं, मग भोकं पाडलेला डबा, मग रबरी नळी. वीस खेळणी टाकली की मूल प्रत्येकाला एकदा हात लावून मोकळं होतं.

गेल्या पावसाळ्यात चार वर्षांची एक मुलगी चाळणीतून तुळशीला पाणी न्यायला निघाली होती. दोन पावलांत चाळणी रिकामी. परत आली, भरली, धावत गेली, रिकामी. मग तळहात खाली धरून पाहिला. मग वडाचं पान आत अंथरलं, ते निसटलं. माझ्या ओठांवर "अगं, तांब्या घे ना" आलं होतं. मी ते गिळलं. ती टबाच्या काठावर बराच वेळ नुसती बसून राहिली. मग तिने पाण्यात तरंगणारा स्पंज दाबून बुडवला, फुगल्यावर उचलून चाळणीत ठेवला, चाळणी दोन्ही हातांनी धरून तुळशीपर्यंत चालत गेली आणि तिथे स्पंज पिळला.